फाटकावरून पुढे नेलेली सायबीण

आमच्या वाडीत दरवर्षी सायबीण, म्हणजे मारियेची मूर्ती, रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरी जाते. रीत अशी की ज्या घरी ती रात्रभर राहिली, त्या घरच्याने ती शेजारच्या दारी पोचवायची. माझ्यानंतरचं घर एका विधवेचं. आठ वर्षांपूर्वी तिचा मुलगा मुंबईहून परतला, तो एका पुरुषाबरोबर. दोघे एकत्र राहू लागले. वाडी बोलायची, पण चर्चमधून कुणी त्यांना काढलं नव्हतं.

त्याच वर्षी, माझ्या घरून सायबीण निघाली त्या संध्याकाळी, ती विधवा मेणबत्ती घेऊन फाटकात उभी होती. आत लोकांना वाटायचे चणे उकडून तयार होते, वास येत होता. मी तिच्याकडे न बघता मूर्ती घेऊन पुढच्या घरी गेलो. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. आत गेलो तर माझ्यामागून गात येणारी माणसं फाटकातच थांबतील, एवढीच मला भीती.

दुसऱ्या दिवशी ती विचारायला आली. मी म्हटलं, तुझ्याच लेकाने नको म्हणून सांगितलं. तेव्हाच्या फादरनाही तेच सांगितलं. पुढे ती कसालला मुलीकडे गेली आणि तिथेच वारली. सायबीण दरवर्षी ते घर टाळत राहिली.

यंदा नव्या फादरांनी यादी बघून विचारलं, हे घर का नाही? मी खरं सांगितलं. त्या दोघांचं लग्न लावायचं असतं तर मला ते करता आलं नसतं, ते म्हणाले. ‘पण सायबिणीला त्यांच्या घरात न्यायला माझी परवानगी कशाला हवी होती? मला सांगितलंत, आता त्या मुलाला सांगा.’

मी गेलो. दोघे अंगणात जाळं सांधत होते. मी उभ्यानेच सांगितलं. मुलाचा हात थांबला.

‘माझ्या आवशीक तुमी सांगलास, मी नको म्हटलंय म्हणान?’

‘होय.’

‘मरेपर्यंत ती माझ्याशी सरळ बोलाक नाय. माका वाटला, ह्येच्यामुळा.’ त्याने मित्राकडे मान वळवली. मित्र खालीच बघत होता.

मी माफी मागू लागलो. त्याने थांबवलं. ‘हय नको, अंकल. सायबीण घेवन येशात तेव्हा फाटकार सांगा. सगळ्यांसमोर.’

चार दिवसांनी सायबीण माझ्या घरी यायची होती. बायको म्हणाली, या वयात कशाला शोभा करून घेता, आजारी आहे म्हणून सांगा. तसं सांगायचं मनात येऊन गेलं, हेही लिहून ठेवतो.

फाटकाशी पोचलो तसं मी गाणं थांबवलं आणि तेव्हा मीच खोटं बोललो होतो, हे सांगितलं. दोघी बायका मुलांना घेऊन परत फिरल्या. बाकीचे उभे राहिले. मुलगा पुढे आला, माझ्या हातातून मूर्ती घेतली आणि लोकांना आत बोलावलं. मी पाऊल उचललं, तेव्हा हळूच म्हणाला, ‘तुमी हयच रवा.’

तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपेपर्यंत मी त्याची आई उभी होती तिथे उभा होतो. आत प्रार्थना चालली होती. प्रार्थनेत सगळे देतात ती उत्तरं मी बाहेरूनच दिली.