हिरालाल सरांचा आवाज

नाचणगावच्या हिरालाल सरांच्या गालात चोवीस तास तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा. त्या भरल्या तोंडानंच ते ट्यूशनच्या पोरांना इंग्रजीतलं जेरंड शिकवत. "एन्जॉयच्या मागून क्रियापद आलं, का त्याले आयएनजी लावायचं. 'आय एन्जॉय टू स्विम' म्हनलं त नदीत फेकून देईन!"

आता जबड्यात गाठ निघाली होती. उद्या ऑपरेशन होतं, आणि जीभही कापावी लागेल असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेवटचा धडा आपल्या तोंडानं शिकवायचा, एवढाच सरांचा हट्ट होता. पण आज तोंड बोटभरही उघडेना. शब्द गालातच अडकले.

सरांनी पोरांतल्या मयुरीकडे बोट केलं, मग आपल्या तोंडाकडे. ती वर्गाबाहेर रोज आपली नक्कल करते, हे त्यांना ठाऊक होतं.

"नाई जी सर," ती रडकुंडीला आली.

"कर," सर कसेबसे पुटपुटले.

मयुरीनं गाल फुगवला. "काऊन बे गधड्या, अव्हॉइडच्या मागून टू लावून राह्यला? आयएनजी का तुह्या बापानं नेलं?"

पोरं खो खो हसली. सरही हसायला गेले, पण जबडा हलला नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि आपलाच आवाज धडा संपेपर्यंत ऐकून घेतला.