कार्ड चालणारे वार

"वसूल होतं ताई, फक्त वार बघून जायचं." असं म्हणताना तो शर्टाच्या खिशावर दोन बोटांनी टिचकी मारायचा. खिशात कॅम्पसाइटच्या, म्हणजे तंबू किंवा व्हॅन लावून राहायच्या जागांच्या, सवलतीचं कार्ड असायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याला वाचलेल्या पैशापेक्षा सवलत मिळाल्याचाच आनंद जास्त होतो. इथे आयर्लंडमध्ये, आमच्या ॲडम्सटाउनमध्ये तो होता. तेव्हा मला त्याचं हसू यायचं आणि कधीकधी रागही यायचा. आता नुसता राग येतो, पण तो त्याच्यावर नाही.

तो आणि मी लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात कामाला. राहायला तो आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. चार दिवस बारा-बारा तास काम आणि मग चार दिवस सुट्टी, अशी त्याची पाळी. बायको डॉक्टर. तिची नोकरी पश्चिम किनाऱ्याकडच्या एका इस्पितळात, गाडीने तीन तासांवर. दर सहा महिन्यांनी बदली ठरलेली, त्यामुळे तिकडे घर करण्यात अर्थ नव्हता. ती तिथे आणखी तिघींबरोबर एका भाड्याच्या घरातल्या खोलीत राहायची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी या दोघांची मिळून अशी एक भिंत नव्हती.

त्यावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे एक जुनी कॅम्परव्हॅन. आत एक पलंग, गॅसची शेगडी आणि बसल्यावर गुडघे टेकतील असं टेबल. तिच्या इस्पितळाजवळच्या एखाद्या कॅम्पसाइटवर हा व्हॅन घेऊन जायचा आणि ती तिची छोटी गाडी घेऊन तिथे यायची. संसार असा चालला होता.

आता ते कार्ड. वर्षाची फी एकदा भरायची, मग कॅम्पसाइटवर दर रात्रीच्या भाड्यात सूट. पण शुक्रवारी आणि शनिवारी नाही, जुलै-ऑगस्टमध्ये नाही, आणि माणसं दोन हवीत. परवडतं का म्हणाल, तर बहुतेकांना नाही. त्याचं ऐकून आमच्यातल्या दोघांनी कार्डं घेतली आणि शनिवार-रविवारची सुट्टी असल्यामुळे वर्षभर ती नुसती पाकिटात ठेवून फिरले. मला मात्र त्याने आपणहून सांगितलं होतं, "तुम्ही नका घेऊ ताई. लेकीची शाळा आहे तुमच्या, तुम्हाला मधले वार कुठले मिळायला!"

त्याला मात्र ते चपखल बसलं होतं. फ्रिजवर तो दोघांच्या ड्यूटीचे कागद शेजारी-शेजारी लावायचा. त्याची सुट्टी, तिची सुट्टी आणि कार्ड चालणारा वार, हे तिन्ही जुळले की त्या तारखेला हिरवा गोल. महिन्यातून एखाद-दोन गोल जमायचे. "डॉक्टरीणबाईंची अपॉइंटमेंट मिळाली," म्हणून तो मला जिन्यात थांबवून सांगायचा. न जुळलेल्या तारखा तो पुन्हा बघतसुद्धा नसे. माझ्या नवऱ्याने एकदा त्याला म्हटलं, "अरे, शनिवारी भेटलास तर बायको ओळखणार नाही का तुला?" तोही हसला. पण शनिवारी गेला नाही तो नाहीच.

मे महिन्यातल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून आम्ही तिघं त्यांच्याबरोबर गेलो होतो. रविवारची रात्र, म्हणजे कार्ड चालत होतं. ती ड्यूटीवरून आली ती डोळे अर्धे मिटूनच. वरणभाताचे चार घास खाल्ले आणि चमचा हातात असतानाच झोपली. त्याने तो चमचा हळूच काढून घेतला, तिच्यावर पांघरूण घातलं आणि रेनकोट चढवून घडीची खुर्ची घेऊन बाहेर जाऊन बसला. पाऊस भुरभुरत होता. व्हॅनमध्ये पाऊल टाकलं की सगळी व्हॅन हलते, तिची झोप मोडेल म्हणून. माझी लेक शेजारच्या आमच्या केबिनच्या खिडकीतून बघत म्हणाली, "मम, इज ही ओके आउट देअर?" त्याने बाहेरून अंगठा दाखवला, "ग्रँड, ग्रँड!" दोन तास तो माणूस तसाच बसून होता. त्याला कंजूष म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगायचे.

दोन हजार सोळाची दिवाळी रविवारी होती. त्याच्या आधीचा गुरुवार. कार्डाचं वर्ष महिनाअखेर संपत होतं आणि एक रात्र झाली की फी भरून निघणार होती. सकाळी तो खाली व्हॅनमध्ये सामान भरत होता. मी त्याला हाक मारत फराळाचा डबा द्यायला गेले तेव्हा फोन स्पीकरवर होता. ती आदल्या सकाळपासून ड्यूटीवर होती, दुपारी सुटणार होती.

"आज नको रे," ती म्हणाली. "उभ्या उभ्या झोप येतेय मला. मी शनिवारी येते ना."

"शनिवारी कार्ड कुठे चालतं? अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे. तू ये, मी गरम भात लावून ठेवतो."

"ताईंचा आवाज आला. ताई, तुम्ही तरी सांगा ना त्याला."

मी डबा पुढे करत मोठ्याने म्हटलं, "अगं ये, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. चकल्या पाठवतेय, मऊ पडायच्या आत खा."

ती हसली. "बरं ताई, येते."

त्या दिवशी पाऊस नव्हता. रस्ता सरळ होता, समोरून कुणी आलेलं नव्हतं. गाडी रस्ता सोडून दगडी कुंपणावर गेली. तिला झोप लागली असावी, असं पोलिसांनी सांगितलं. शेजारच्या सीटवर बुकिंगचा कागद होता, त्यावरून ते कॅम्पसाइट शोधत व्हॅनपाशी आले. त्याला वाटलं, तपासणी असेल. त्याने खिशातून कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तिला तो नाशिकला घेऊन गेला आणि महिन्याभराने एकटा परत आला. दुखवट्याच्या इथल्या रीतीप्रमाणे कारखान्यातले लोक एकेक करून त्याच्यापुढे आले, हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणाले. तो प्रत्येकाला "थँक यू" म्हणत राहिला. मी रांगेत उभी राहिले आणि माझी पाळी यायच्या आधीच बाजूला झाले.

पुढे व्हॅन विकली. घ्यायला आलेल्या तरुण जोडप्याने विचारलं, सवलतीचं कार्ड घेऊन ठेवावं का? त्याने त्यांना सगळं समजावलं. कोणते वार, कोणते महिने, किती रात्री झाल्या तर परवडतं. आवाजात जरासुद्धा फरक नाही. मला ते ऐकवेना, मी घरात निघून गेले.

दोन हजार अठरात त्याने नोकरी सोडली. विमानतळावर जायला टॅक्सी आली तेव्हा मी खाली गेले. दीड वर्ष मनात ठेवलेलं एकदाचं बोलले. "त्या दिवशी मीही तिला ये म्हटलं रे. तिने मला विचारलं होतं."

त्याने बॅग डिकीत ठेवली. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "तुमचं तिला ऐकूच गेलं नाही ताई. रेंज गेली होती. मीच बोलावलं तिला."

मी मान हलवली. टॅक्सी वळून दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले. ती "बरं ताई, येते" म्हणाली होती. ते मी ऐकलं होतं, आणि माझ्या शेजारी उभं राहून त्यानेही ऐकलं होतं.