पायलटच्या शेजारची सीट

गल्लीत त्याला सगळे पायलट म्हणायचे. विमानाशी त्याचा संबंध एवढाच, की ते डोक्यावरून गेलं की तोही चारचौघांसारखा मान वर करून बघायचा. जन्मभर त्याने दुकानांच्या पाट्या बनवल्या. निवृत्त झाला आणि वर्षभरात बायको गेली. लेक दूरच्या गावी नोकरीला. मग हाताशी दोनच गोष्टी उरल्या, वेळ आणि दारातली जुनी गाडी. त्याने आपला वेळ गाडीला देऊन टाकला.

झालं असं, की वेगात धावणाऱ्या गाडीचं बरंचसं इंधन हवा बाजूला सारण्यातच खर्ची पडतं, असं त्याच्या कुठेतरी वाचनात आलं. हवेसारख्या फुकटच्या वस्तूने एवढं खावं हे त्याला पटेना. जुन्या पाट्यांचे प्लास्टिकचे पत्रे घरात पडूनच होते. त्यांतल्या गोल तबकड्या कापून त्याने चाकं झाकली. त्यातली एक दातांच्या डॉक्टरच्या पाटीची निघाली, त्यामुळे गाडी चालली की मागच्या चाकावर दातांची कवळी गरगर फिरायची. मग पुढची जाळी निम्मी बंद झाली, एका बाजूचा आरसा गेला आणि मागे लांबलचक निमुळतं शेपूट आलं. त्या शेपटाच्या सांगाड्याने मागची सीट कधीच गिळली होती.

किराणावाला विचारायचा, पायलट, उड्डाण कधी? धावपट्टी मोकळी झाली की, असं हा म्हणायचा. दोघं हसायचे. मग किराणावाला गिऱ्हाइकांकडे वळायचा आणि पायलट घरी यायचा. पुष्कळ दिवशी त्याचं माणसाशी बोलणं एवढंच व्हायचं.

गाडीत त्याच्या शेजारच्या सीटकडच्या दाराच्या फटीतून वारा शिट्टी वाजवायचा. बायको असताना ती शिट्टी कधी ऐकू आली नव्हती, कारण ती काच कायम खाली करून बसायची. हात बाहेर काढून वारा तळहातावर घ्यायची. “काच लाव, अ‍ॅव्हरेज पडतं,” हे त्याने तिला संसारभर ऐकवलं आणि तिने संसारभर या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. आता त्याने ते दार काचेसकट चिकटपट्टीने पक्कं बंद केलं. शेजारची सीटही काढली. वजन कमी होतं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. सीट न्हाव्याने नेली आणि दुकानात बाकाशेजारी मांडली.

राहता राहिली परीक्षा. वारा कुठे गाडीला धरून वाहतो आणि कुठे फाटतो हे बघायला गाडीच्या अंगभर लोकरीचे धागे चिकटवतात. धागा सरळ पडून राहिला तर ठीक, जागच्या जागी फिरू लागला तर तिथे गडबड आहे. लोकर घरात होती. बायकोच्या पिशवीत एका बाहीवाचून अडलेला स्वेटर होता, त्याला त्याने हात लावला नाही. त्याच पिशवीतला लोकरीचा गुंडा घेतला.

पण गाडी चालवणाऱ्याला मागचे धागे कसे दिसणार? कुणीतरी दुसऱ्या गाडीतून मागे यायला हवं. किराणावाल्याला दुकान सोडवेना. मेकॅनिक म्हणाला, बघू कधीतरी. मेहुण्याचा गुडघा नेमका तेव्हाच दुखायला लागला. पायलट हमरस्त्यावर एकटाच फेऱ्या मारून यायचा. मागे धागे उडत असायचे आणि त्यांच्याकडे बघणारं कुणी नसायचं.

अशात लेकीचा फोन आला, दोन दिवस येते म्हणून. आई गेल्यानंतर ती फोन करायची, गॅस बंद केला का विचारायची, वेळ मिळाला की येते म्हणायची. वेळ आत्ता मिळाला होता. या खेपेला तिला घरात बरं वाटलं नाही तर ती पुन्हा लवकर यायची नाही, अशी त्याला धास्ती होती. त्याने घर झाडलं, चादरी बदलल्या, गाडी धुतली आणि तिला दाखवायला नवे धागे लावले.

बस स्टँडवर ती बॅग घेऊन सवयीने शेजारच्या दाराशी गेली. दार उघडेना. तिने काचेतून आत पाहिलं. सीटच्या जागी बोल्टची भोकं होती आणि हत्यारांची पेटी.

“बाबा, मी कुठे बसू?”

वाऱ्याच्या वाटेत काय काय येतं याचा पायलटने बोटाबोटाने विचार केला होता. या गाडीत कुणीतरी बसायला येईल, हे मात्र त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. शेवटी लेकीने टॅक्सी केली. बापलेक एकाच घरी दोन गाड्यांतून निघाले, तो पुढे आणि ती मागे.

घरी आल्यावर ती म्हणाली, “धागे बघितले मी. सगळे सरळ पडून होते. फक्त त्या बंद दाराच्या मागचे स्वतःभोवती फिरत होते. आईची लोकर आहे ना?”

त्याला काय करू नि काय नको असं झालं. किती उंचीवरचे, कुठल्या कोपऱ्यातले, त्याने खोदून खोदून विचारलं. तिने सगळं सांगितलं आणि मग शांतपणे विचारलं, “वारा बाहेरून लागतो ना, बाबा? मग आतली सीट का काढलीत?”

तो वजनाचं बोलू लागला आणि मध्येच थांबला. सीट काढून तिच्या जागी त्याने हत्यारांची जड पेटी ठेवली होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

“रिकामी दिसायची,” तो म्हणाला. “सिग्नलला थांबलो की हात तिकडे जायचा.”

लेकीने चपलांच्या रॅककडे पाहिलं. आईच्या चपला अजून तिथेच होत्या.

“मीही म्हणूनच येत नव्हते,” ती म्हणाली.

सकाळी दोघं न्हाव्याकडे गेले. सीटवर एक गिऱ्हाईक पाठ टेकून पेंगत होतं. न्हावी कुरकुरला, की लोक माझ्याकडे दाढीला कमी आणि या सीटवर बसायलाच जास्त येतात. पण गिऱ्हाइकाला उठवून त्याने ती परत दिली. दुपारभर पायलट बोल्ट आवळत होता आणि लेक सीट धरून उभी होती. दाराची चिकटपट्टी निघाली, रंगावर डिंकाचे डाग राहिले. त्या रात्री दोघं आईबद्दल बोलले, तिची निंदासुद्धा केली थोडी, आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाताना ती शेजारी बसली. हमरस्ता लागताच तिने काच खाली केली आणि हात बाहेर काढला. “काच लाव” हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले.

बस गेली. परतताना सिग्नल लागला तसा त्याचा हात शेजारी गेला आणि सीटवर टेकला. सीट रिकामी होती, आणि बायकोच्या आठवणीने त्याला भरून आलं. सिग्नल सुटला. उघड्या काचेतून वारा भसाभस आत येऊ लागला. बाहेर धागे वेड्यासारखे फिरत असणार, अ‍ॅव्हरेज पडत असणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. घरापर्यंत त्याने काच लावली नाही.