चर्चच्या फाटकावरचं मराठी

मी सुरतेत नवीन होते. तापाने फणफणलेल्या लेकीला घेऊन चर्चच्या फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत होते. तिथले माळीकाका कुणी दिसलं की हातातलं काम टाकून उठायचे. तसेच उठले.

“आवो बेन, अंदर बसा.”

“काका, आम्ही हिंदू आहोत.”

“पण पोरगी उन्हात आहे ने?”

त्यांनी पाणी दिलं, रिक्षाही आणली. पुढे मी येता-जाता आतल्या बाकावर टेकू लागले. एकदा त्यांनी रंगाचा डबा माझ्यापुढे धरला. “तुमचे लोक बाहेरच थांबतात. फाटकावर मराठीत लिहा ने, ‘आत या’.”

शाळा सुटल्यापासून मी काही लिहिलं नव्हतं. अक्षरं वाकडी आली. दुसऱ्याच दिवशी ती वाचून एक अनोळखी बाई आत आली आणि मी सरकून तिला बाकावर जागा दिली.