समितीच्या जेवणाची वर्गणी

"बाई, तुम्ही आत स्वयंपाकघरातच थांबा. समितीला वाटेल, लाभार्थीच वर येऊन बसली."

साहेब सगळ्यांसमोर बोलले. पालघरच्या विश्रामगृहात, जेवणाच्या हॉलच्या दारात. विधिमंडळाची समिती आदिवासी योजनांची पाहणी करायला आली होती. मी आदिवासी, आणि एकोणीस वर्षं याच योजनांच्या कार्यालयात लिपिक. दोघं-तिघं हसले. मीही हसले. त्याची लाज अजून आहे.

माझ्या जागी माझी सहकारी बसली. आम्ही दोघी एकाच पदावर, एकाच दिवशी रुजू झालेल्या. ती वाणगावकडची, घरच्या चिकूच्या वाड्या. तिला सगळे मॅडम म्हणतात, मला बाई. अध्यक्षांशेजारी बसून ती माझी फाइल उघडत होती. गावनिहाय तक्ते माझे, पिवळ्या चिठ्ठ्या माझ्या. अध्यक्षांनी काम छान म्हटलं. तिने मान तुकवली. मी भाताचं पातेलं धरून दारामागे.

अन्याय वगैरे शब्द तेव्हा सुचले नाहीत. मला तिची खुर्ची हवी होती. तिची साडी हवी होती. तिचं ते सावकाश, न घाबरता बोलणं हवं होतं. मी जळत होते, एवढंच.

आता जेवणाचं. सदस्यांना भत्ता मिळतो. तरी समिती आली की पापलेट, गाड्यांचं डिझेल, शाली, सगळं कार्यालयाने बघायचं, ही आमच्याकडची रीत. सरकारी तरतूद नाही, म्हणून वर्गणी. आदेश कायम तोंडी. यादी माझ्याकडे. ग्रामसेवक, शिक्षक, शेवटी अंगणवाडीच्या मदतनीस. पाड्यांवर जाऊन मीच मागायचे.

पुढच्या आठवड्यात कामासाठी मासवणला गेले. तिथली मदतनीस आईच्या नात्यातली, माझी मावशी. पोरांना खिचडी वाढता वाढता, वर न बघता तिने विचारलं,

"पापलेट गोड लागलं का गो?"

मला बसायलाच दिलं नाही, असं मी सांगितलं.

"मंग मागाय कशाला आलतीस? सायबाला आमी नसतं दिलं. तू आमची हाय म्हनून दिलं."

तिने पुढच्या पोराचं ताट ओढलं.

परत येताना एसटीत एकच गोष्ट डोक्यात. पाड्यावर मागायला माझा चेहरा चालतो. हॉलमध्ये तोच चालत नाही. हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं, कारण यादी चोख झाली की मला बरं वाटायचं.

या महिन्यात दुसरी समिती येते आहे. साहेबांनी बोलावलं. "बाई, नेहमीप्रमाणे यादी घ्या करायला."

मी म्हटलं, "लेखी आदेश द्या."

बाहेर मॅडमचं टायपिंग थांबलं. असलं काही लेखी नसतं, साहेब हसत म्हणाले. मग हसू गेलं आणि लांब मोखाड्याला बदली करण्याचा विषय निघाला. मी जागेवर येऊन अर्ज लिहिला: समितीच्या दौऱ्यासाठी मी कोणाकडूनही वर्गणी मागणार नाही. आवक क्रमांक घेतला. प्रत ठेवली.

यादी आता मॅडमकडे आहे. तिचा हेवा गेलेला नाही. काल तिला चहा साहेबांच्या केबिनमध्ये मिळाला, तेव्हाही आत काहीतरी चावलंच. चावू दे.

येणाऱ्या समितीच्या सचिवांना मी पत्र पाठवलं आहे: तुमच्या जेवणाचे पैसे कोण देतं, हे तुम्हाला माहीत आहे का? उत्तर आलं नाही, तर ताटं वाढलेली असताना अध्यक्षांना तोंडावर विचारणार. बदली झाली तर होऊ दे. मोखाड्यातही समिती जातेच. तिथे विचारेन.