शैलाताईंचा पाय आणि किलिमांजारो

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या प्लास्टरने माखले होते. समोर टेबलावर एक म्हातारे शेतकरी पाय पुढे करून बसले होते, त्यांचं माप घेणं चालू होतं. रिसेप्शनवरच्या डेबीने कॉर्डलेस आणून माझ्या कानाला लावला.

"आफ्रिकेतून आहे. आवाज तुटतोय."

"मुग्धा, सुधाकर बोलतोय. शैलाला चालवत नाहीये."

इथे कॅनडात, सस्काटूनला सकाळ होती, तिकडे संध्याकाळ. शैलाताईंचे यजमान सुधाकर भाऊजी किलिमांजारोवर, झाडं संपून नुसते दगड सुरू होतात तिथल्या कँपवर होते आणि गाईडच्या सॅटेलाइट फोनवरून बोलत होते.

मी प्रोस्थेटिस्ट आहे, म्हणजे कृत्रिम हात-पाय बनवते. शैलाताई मूळच्या नागपूरच्या, इथल्या युनिव्हर्सिटीत मातीवर संशोधन करायच्या. एका विंटरमध्ये हायवेवर त्यांची गाडी बर्फावरून घसरली आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या. बहुतेक पेशंट पहिल्यांदा विचारतात, मी चालू शकेन का? शैलाताई म्हणाल्या, "मला शेतात जावं लागते. चिखलात चालणारा पाय पाहिजे. होते का सांग."

झाला. चिखलातही चालला. काही वर्षांनी त्या एकदा नेहमीच्या चेकअपला आल्या आणि पाय काढता काढता म्हणाल्या, "मी किलिमांजारोला जाऊन राहिली."

"बघायला?"

"चढायला. गाईडेड ट्रेक आहे. सामान पोर्टर नेतात, तंबू तेच लावतात, स्वयंपाक तेच करतात. आपण फक्त चालायचं."

शेजारच्या खुर्चीत भाऊजी बसले होते. मॉलच्या दोन टोकांपलीकडे ते कधी चालल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "मीही चाललोय. हिचा पाय सांभाळायला."

माझे बॉस ग्लेन यांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तू तिला नाही म्हणू शकतेस."

"मी पाय बनवते, ग्लेन. परवानगी देत नाही."

सस्काटूनला डोंगर नाही. नदीकाठची चढण हाच इथला घाट. उरलेला विंटर शैलाताईंनी युनिव्हर्सिटीच्या पार्किंगच्या जिन्यात काढला. वर-खाली, पाठीवर सॅक. भाऊजी मधल्या मजल्यावर थर्मास घेऊन उभे राहायचे, नंतर नंतर तेही चढायला लागले. दर आठवड्याला मी पाय तपासायची. दोघं निघाले तेव्हा मला त्या पायाची काळजी नव्हती.

आणि आता हा फोन.

"भाऊजी, कुठे दुखतंय?"

"उरलेल्या पायाच्या खालच्या टोकाला. पुढून, हाडावर. लाल झालंय."

"कातडी फुटलीय का?"

"नाही, अजून तरी नाही."

हा उरलेला पाय ज्या कपासारख्या भागात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. खूप चाललं की पाय थोडा बारीक होतो, सॉकेटमध्ये खाली सरकतो आणि टोकावर भार येतो. अशा वेळी वरून जादा मोजा चढवायचा. मला वाटलं, तेच असणार.

"मोजे वाढवले का?"

"वाढवले. उलट जास्त दुखायला लागलं. गाईड म्हणतोय, उद्या सकाळी हिला एका माणसाबरोबर खाली पाठवतो."

तेवढ्यात ग्लेन दारात येऊन उभे राहिले. डेबीने सांगितलं असणार. ते हळू आवाजात म्हणाले, "खाली यायला सांग. तिथे जखम चिघळली तर आपण इथून काय करणार आहोत?"

ते चुकीचं बोलत नव्हते. अशा पायाला साधी जखमही महिनोन्महिने घरी बसवते. पण मोजे वाढवून दुखणं वाढलं, याचा अर्थ गडबड वेगळी होती, आणि ती काय ते कळल्याशिवाय मला उतरा म्हणवेना.

"भाऊजी, ताईंना पाय घालून सपाट जागेवर उभं करा. बाजूने बघा. सॉकेट आणि पाऊल जोडणारी नळी सरळ उभी आहे का?"

बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता.

"पुढे झुकलीय. गुडघा आपोआप वाकतोय तिचा."

"बूट कुठले आहेत पायात?"

पलीकडे कुजबुज झाली. मग भाऊजींचा लांबून आवाज आला, "आता सांग तूच." आणि शैलाताई फोनवर आल्या.

"हे पाहा मुग्धा, रागावू नको. बॅग आलीच नाही विमानातून. इथे भाड्याने बूट घेतले. साइज अगदी बरोबर आहे."

साइजचा प्रश्नच नव्हता. आपला घोटा बुटाच्या टाचेप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो. कृत्रिम पाऊल तसं करत नाही. त्याचा कोन आम्ही एका ठरावीक बुटाच्या टाचेवर लावलेला असतो. टाच थोडी जरी उंच झाली की अख्खा पाय पुढे झुकतो आणि पावलागणिक हाड सॉकेटवर घासतं. भाड्याच्या बुटाची टाच उंच होती, एवढंच.

"ताई, बुटात पुढच्या बाजूला, चवड्याखाली काहीतरी घालायचं. फोमसारखं. म्हणजे पुढचं टोक उचललं जाईल आणि नळी सरळ होईल."

"फोम कुठून आणू इथे?"

"तुमच्या झोपायच्या मॅट आहेत ना?"

मागून भाऊजी म्हणाले, "माझी कापतो."

"अहो, थंडी किती आहे, झोपाल कशावर?" शैलाताई म्हणाल्या.

भाऊजींनी सुरी मागितल्याचं ऐकू आलं. एक थर घातला, उभ्या राहिल्या, अजून झुकत होतं. दुसरा घातला. मग भाऊजी म्हणाले, "सरळ."

दुसऱ्या दिवशी त्यांना थोडं वर चढून पुन्हा खाली झोपायला यायचं होतं. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून असं करतात. मी ताईंना सांगितलं, "परत आल्यावर पाय काढा. चहा पिऊन होईपर्यंत लाली गेली तर पुढे जा. कातडी फुटली असेल तर उतरायचं. वाद नाही."

"नाही घालत वाद," त्या म्हणाल्या. गाईडने एक दिवस द्यायचं कबूल केलं आणि लाइन गेली.

ग्लेन अजून दारातच होते. "ती उतरेल?"

"कातडी फुटली तर उतरतील."

"खात्री आहे?"

"आहे," मी म्हटलं. टेबलावरच्या आजोबांच्या पायावरचं प्लास्टर एव्हाना वेडंवाकडं सुकून दगड झालं होतं. ते कापून मी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. आजोबांची तक्रार नव्हती. त्यांना फक्त तो डोंगर किती उंच आहे ते जाणून घ्यायचं होतं.

पुढचे दिवस ग्लेन रोज कॉफी घेऊन माझ्या बेंचपाशी यायचे. "फोन?"

"नाही."

"हे चांगलं की वाईट?"

"माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. मी उगाच त्यांची फाईल काढून जुनी मापं बघत बसायची.

दोघं परत आले ते घरी बॅगा टाकून थेट क्लिनिकमध्ये. नाकाची सालं निघालेली, ओठ फुटलेले. मी आधी ताईंना पाय काढायला लावला. टोकावर एक तपकिरी डाग होता. कातडी शाबूत होती. मग विचारलं, "पोचलात?"

"ज्वालामुखीच्या तोंडाच्या कडेपर्यंत पोचली. सूर्य वर येऊन राहिला होता. शिखर तिथून पुढे होतं, कडेकडेने."

"मग?"

"मग बसली. चढायला दम लागते, उतरायला पाय. उतरायपुरताच पाय उरला होता."

"मीही बसलो होतो," भाऊजी म्हणाले. "हिने उठवलं."

"उठवणारच. इतक्या दूर गेलो, एकाने तरी पाहून यावं."

भाऊजींनी कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. शिखरावर ते एकटे, डोळे मिटलेले, टोपी वाकडी. "वर एक पाटी आहे. फोटो काढून लगेच फिरलो. ही एकटी होती."

"एकटी कुठे? गाईड होता की बाजूला."

"तो काय, त्याला तुझी सवय नाही."

मला मात्र वाईट वाटलं होतं. इतका विंटर जिन्यात घालवून ते शेवटचं अंतर राहावं, हे पटत नव्हतं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तोंड काय पाडून राहिली? खाली आली ना मी, आपल्या पायाने."

ग्लेननी तो डोळे मिटलेला फोटो मागून घेतला आणि ऑफिसच्या भिंतीवर लावला. तेव्हापासून लांब प्रवासाला निघालेल्या प्रत्येक पेशंटला मी सांगते: चालायचे बूट बॅगेत टाकू नका, पायात घालूनच विमानात बसा. सगळे मान डोलावतात. निम्मे तरी सँडल घालून जातात.