बिनपंखाची गाडी

सौदीतल्या यान्बूला कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी चिपळूणकडचा एक वेल्डर बसायचा आणि मोबाइलवर मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारशर्यती बघायचा. छतावर मोठा पंख असलेल्या गाड्या त्याला आवडत नसत. "पंख गाडीला दाबून धरतो, साहेब. बिनपंखाची घसरते, ती माणसालाच सांभाळावी लागते." स्वतःचा टेम्पो विकून तो इकडे आला होता.

पडद्यावरची गाडी डावीकडे वळली की त्याची मनगटं मांडीवर उजवीकडे वळायची. एकदा मी इंजिनिअरच्या थाटात म्हणालो, "उलटं वळवताय." तो ओशाळून हसला. पुढे त्याचे हात कधी हलले नाहीत.

तो कायमचा गावी गेल्यावर मी एक शर्यत नीट पाहिली. घसरत्या गाडीचं स्टिअरिंग उलटंच फिरवावं लागतं. त्याला ते माहीत होतं, आणि तरी तो माझ्यापुढे ओशाळला होता.